आधी पाणी शोधा, गंजाचं नंतर बघू

ज्यांच्या गाडीत तो वास एकदा शिरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा कुबट वास, काचा आतून धुरकट, आणि पाय ठेवला की मॅटखाली पच्च असा आवाज. आमची गाडी १९ वर्षांची आहे, बाबांनी नवी घेतलेली, आता मी चालवते. इंजिन अजून एका सेल्फमधे चालू होतं, गिअर लोण्यासारखे पडतात, पण मागच्या वर्षी दोन दिवस सलग पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी डावीकडच्या पुढच्या सीटसमोर पाणी साचलेलं दिसलं. तिथून पुढे जवळपास चार महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे होते आणि त्यात जे शिकले ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण मला सुरुवातीला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

पहिली चूक सगळ्यांची होते तीच माझी झाली. पाणी पुढे साचलंय म्हणजे पुढच्या काचेतूनच येत असणार, असं मी ठरवूनच टाकलं. सिलिकॉनची ट्यूब आणली, काचेच्या बीडिंगभोवती सगळीकडे लावली, बोटाने दाबून नीट बसवली आणि पुढच्या पावसाची वाट बघितली. पाऊस आला, पाणी पुन्हा तिथेच. वरून ते सिलिकॉन आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं होतं, म्हणजे सुकताना त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला ते लागलं की गंज उलट जोरात धरतो. हे मला खूप नंतर कळलं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे रंग धरत नाही, रंगात गोल गोल डोळे पडतात, आणि ते पूर्ण काढायला इतका वेळ जातो की विचारू नका. तेव्हा पहिलीच विनंती, गाडीवर ते आंबट वासाचं सिलिकॉन लावू नका. काचेला पॉलियुरेथेन, पत्र्याच्या जोडाला सीम सीलर, दिव्यांच्या मागे आणि दाराच्या आत ब्युटाइलची काळी चिकट टेप, ज्याचं काम त्यानेच करायचं. पण तेही नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं असेलच असं नाही, उलट बहुतेक वेळा नसतंच. ते पत्र्याला चिकटून चालतं. छताच्या जोडातून शिरेल, काचेशेजारच्या खांबाच्या आतून खाली उतरेल, वायरिंगच्या जुडग्यावरून चालत चालत डॅशबोर्डखाली येईल आणि मग कुठेतरी एका कोपऱ्यात थेंब सोडेल. गाडी उतारावर उभी असेल तर पुढून आलेलं पाणी मागे साचतं. म्हणून साचलेल्या पाण्याच्या डोक्यावर सीलर फासणं म्हणजे अंदाजपंचे.

त्याआधी अजून एक, हे पावसाचंच पाणी आहे ना ते बघा. एसी लावल्यावरच ओल येत असेल आणि पाऊस नसतानाही येत असेल तर एसीच्या आतल्या कॉइलवर जमणारं पाणी बाहेर टाकणारी छोटी नळी तुंबलेली असते, ते पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. एसी चालू करून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा आणि खाली थेंब पडतायत का बघा, दमट दिवस असून एक थेंबही पडत नसेल तर नळी साफ करायची वेळ आली. आणि पाणी बोटाला बुळबुळीत लागत असेल, गोडसर वास येत असेल, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसत असेल तर तो कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत गळतोय. हे अंगावर काढायचं काम नाही, इंजिन तापून बसेल. कूलंट चाखून वगैरे बघू नका, विषारी असतो तो.

आमचं पाणी पावसाचंच होतं. मग एका रविवारी मी आणि दादाने ठरवून पाइप लावला. पद्धत अशी, पण ती मनापासून पाळावी लागते. आधी आतलं सगळं कोरडं करायचं, मॅट काढायच्या, डॅशबोर्डखालचं आणि दाराखालचं प्लॅस्टिक काढायचं, जमेल तिथे कार्पेट उचलायचं, आणि जिथे शंका आहे तिथे पत्र्यावर टाल्कम पावडर शिंपडायची नाहीतर कोरडा टिश्यू पेपर चिकटवायचा, म्हणजे पाणी गेलं की रेघ उमटते. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं, आणि पाणी खालून वर न्यायचं. आधी दाराचा खालचा भाग, मग दार, मग काचेचा खालचा काठ, मग बाजू, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून वाहत खाली येतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक जागेवर निदान पाच मिनिटं, आणि धार साधी, प्रेशर वॉशरची नाही, कारण प्रेशरने पाणी अशा जागेतूनही आत घुसतं जिथून पावसाचं कधी जाणार नाही, आणि मग तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

काचेवर दहा मिनिटं पाणी सोडलं. दादा आत, काही नाही. म्हणजे माझी सिलिकॉनची ट्यूब आणि ती अख्खी दुपार दोन्ही फुकट. मग काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते तिथे पाइप धरला. एक मिनिट काही नाही, दोन मिनिटं काही नाही, चौथ्या मिनिटाला दादा आतून ओरडला, आलं आलं, पंख्याच्या डब्यातून आलं! त्या जाळीखाली एक खोलगट पन्हळ असते, काचेवरून येणारं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे बाहेर जातं. आमच्याकडे एका टोकाला पानं कुजून त्याची काळी माती झाली होती, भोक पूर्ण बंद. पाणी पन्हळीत चढत चढत हवा आत घेणाऱ्या तोंडापर्यंत पोचायचं आणि तिथून थेट ब्लोअरमधे. म्हणून तर थोड्या पावसात काही व्हायचं नाही आणि मुसळधार पडला की तळं. वायपर काढले, जाळी काढली, दोन मुठी काळी माती निघाली, त्यात गांडूळसुद्धा होतं. भोक मोकळं केल्यावर अडलेलं पाणी एकदम बदकन खाली पडलं. तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा पाणी ओतून बघत होते.

इथे बरेच जण थांबतात. आम्हीही थांबलो असतो, पण दादा म्हणाला आता पाइप लावलाच आहे तर मागचं पण बघून घेऊ. आणि मागच्या डाव्या दाराला दुसरी गळती सापडली.

दाराचं जरा समजून घ्या, कारण जुन्या गाड्यांत ही गळती फार कॉमन आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दार वॉटरप्रूफ नसतंच. काचेवरून येणारं पाणी काचेच्या पट्टीतून दाराच्या आत पडणारच, ते धरूनच दार बनवलेलं असतं, म्हणून तळाशी भोकं असतात. आतल्या बाजूला, दाराच्या पॅडमागे, प्लॅस्टिकचा नाहीतर फोमचा एक पडदा चिकटवलेला असतो, तो पाण्याला गाडीत न येऊ देता खाली वळवतो. आता काच वरखाली करायची मशीन बिघडली, किंवा स्पीकर बदलला, की हा पडदा फाडला जातो आणि काम झाल्यावर परत नीट चिकटवला जात नाही. आमच्या दाराचं काम कधीतरी एका गॅरेजमधे झालं होतं, तिथे पडदा अर्धा फाडून तसाच लोंबत ठेवला होता. पाणी पॅडवरून आत, उंबरठ्यावरून कार्पेटखाली. बाहेरून बघाल तर रबर एकदम ठणठणीत. हे दुरुस्त करायला जाड प्लॅस्टिक कापून ब्युटाइल टेपने चिकटवलं, खालचं टोक आठवणीने दाराच्या आतल्या बाजूला खोचलं, तासाभराचं काम. आणि दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी केली, तीही चिखलाने बुजली होती, म्हणजे पाणी दारातच डुबडुब करत होतं आणि दाराची खालची कड आतून सडत होती.

ज्यांच्या गाडीला सनरूफ आहे त्यांनी सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या बघाव्यात, सनरूफचं रबरही सगळं पाणी अडवत नाही, उरलेलं पाणी या नळ्यांनीच बाहेर जायचं असतं. त्या साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटला की पाणी थेट छताच्या कापडात. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू सरकवत न्यायची. डिकीत पाणी येत असेल तर टेललॅम्पच्या मागचं गॅस्केट, अँटेनाचं बूड, डिकीच्या पन्हळीतला जोड, आणि बंपरच्या आड हवा बाहेर जायला जे रबरी झडपांचे चौकोन असतात ते. आणि अजून एक युक्ती जी मला फार आवडली. सगळ्या काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेऊन फुल स्पीडला, दारं लावलेली, आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी. जिथून आतली हवा बाहेर येते तिथे बुडबुडे येतात. जिथून हवा बाहेर येते तिथून पाणी आत जाऊ शकतं. (त्या झडपांतून हवा येणारच, ती त्यासाठीच असतात, तिथले बुडबुडे धरायचे नाहीत.)

तर पाणी थांबलं. आता कार्पेट.

वरून कोरडं वाटतं म्हणून कार्पेट काढायचं टाळू नका, कृपा करून. कार्पेटखाली जो जाड फोम असतो तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो आणि वरून हात लावला तर काही कळत नाही. तो गाडीत ठेवून पंखे लावून सुकत नाही, महिनाभर ओलाच राहतो. सीट काढायच्या, आणि सीट काढायच्या आधी बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबायचं, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. कार्पेट बाहेर काढून मी भिंतीला उभं केलं, फोम दाबला की पाणी धारेने यायचं, ते पूर्ण सुकायला चार दिवस लागले. सीटखाली एका कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर आलेला. नुसत्या ओलीने असले फॉल्ट येतात की लोक गाडीचा कॉम्प्युटर बदलतात आणि खरं कारण कार्पेटखाली पडलेलं असतं.

आणि फोमखाली गंज होताच. फ्लोअरच्या पत्र्यावर आवाज कमी करायला डांबरासारखी जाड पट्टी चिकटवलेली असते, ती वरून छान काळी आणि अखंड दिसत होती, पण कड्याला खुरपलं तर पापडासारखी सुटून आली आणि तिच्या मागे गंजाचे पापुद्रे. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितलं, दोन ठिकाणी आरपार गेला. मला खरंच वाईट वाटलं. या गाडीतून मी शाळेत गेलेय.

पट्टीखाली आणि जोडांमधेच गंज जास्त का, हे मला आधी कळायचं नाही. उघड्या पत्र्याला हवा जास्त मिळते, तिथे जास्त गंज यायला पाहिजे ना? पण गंज ही विजेसारखी चालणारी भानगड आहे, पाण्याच्या थराखाली पत्र्याचा एक भाग दुसऱ्या भागाच्या तुलनेत विरघळत जातो, आणि जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तोच भाग विरघळतो. म्हणजे फटीच्या आतला, पट्टीखालचा, चिखलाच्या थराखालचा. मीठ असेल तर पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि सगळंच वेगात होतं, म्हणून समुद्राजवळच्या आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या लवकर जातात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात गंज शिरला की तो जोड आतून फुगवतो, फट मोठी होते, अजून पाणी शिरतं. रंगाखाली दिसणारे फोड हेच. तो फोड आतल्या बाजूने बाहेर आलेला असतो, बाहेरून घासून रंग मारला की सहा महिन्यांत परत तिथेच उगवतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय.

नुसतं पाणी दिसलं तरच गंज येतो असंही नाही, हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं. म्हणून ओलं कार्पेट ठेवून गाडी बंद शेडमधे उभी करणं, किंवा हवा न खेळणारं प्लॅस्टिकचं कव्हर घालणं, हे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

आता काय केलं ते. वरवरचा गंज होता तिथे ग्राइंडरला स्ट्रिपिंग डिस्क लावून चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासलं. तारेचा ब्रश मी आधी वापरून बघितला, तो गंज काढण्यापेक्षा पॉलिश करतो, चमकतं छान पण खड्ड्यांत काळे ठिपके तसेच. (ग्राइंडर चालवताना गाडीच्या काचा ओल्या जाड कापडाने झाका, ठिणग्या काचेत रुतून कायमचे बारीक खड्डे पडतात. डोळ्याला गॉगल, तोंडाला मास्क, हे सांगायला नकोच.) खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिड असतं, ते गंजाचं रूपांतर काळसर घट्ट थरात करतं, पण ते पापुद्र्यांवर चालत नाही, सुटा गंज आधी निघायलाच हवा. आणि ते झालं की थांबायचं नाही. घासलेल्या पत्र्याला दमट हवेत काही तासांत लाल झाक येते, हाताचा घाम लागला तरी बोटांचे ठसे उमटतात. थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. साधा राखाडी प्रायमर लावून गाडी तशीच फिरवणारे खूप आहेत, तो प्रायमर पाणी पितो, त्यावर रंग आला नाही तर त्याचा उपयोग नाही.

जिथे भोकं पडली होती तिथे मात्र मी हात आवरला आणि पत्राकाम करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांच्याआधी दोन ठिकाणी विचारलं होतं, दोन्हीकडे उत्तर एकच, फायबरची चादर चिकटवून वरून लांबी (म्हणजे पुट्टी) भरून देतो, कळणार पण नाही. मला याचा मनापासून राग येतो. फ्लोअर, दारांखालचा रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तो पत्रा, सस्पेन्शनची माउंटिंग, हे सगळं गाडीचं हाड आहे, त्यावर माणसाचा जीव असतो. तिथे लांबी आणि फायबर म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, कापडात गुंडाळून रनिंग बोर्डवर आणि चाकाच्या कमानीवर फिरवा, जिथे ते पकडत नाही तिथे खाली लांबी आहे.

काकांनी पहिल्यांदा काय केलं तर हातोडीच्या मागच्या टोकाने सगळीकडे ठोकून आवाज ऐकला. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मी दोन भोकं घेऊन गेले होते, त्यांनी खडूने तीन मोठे चौकोन आखले. म्हणाले, ताई, भोकाएवढं कापून चालत नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, नाहीतर वेल्डिंग धरायला खाली काही नसतंच. मग मिग वेल्डिंगने नवा पत्रा, एका रेषेत नाही तर एक टाका इथे, एक टाका लांब तिकडे, कारण सलग ओढलं तर पातळ पत्रा तापून वाकतो. फ्युएल लाइन जवळून जात होती ती आधी सोडवून बाजूला केली, आग विझवायचा सिलेंडर शेजारी, ओलं पोतं हाताशी. वेल्डिंग, घासणं, इपॉक्सी, जोडावर सीम सीलर, मग रंग, या क्रमाने.

त्यांनीच रनिंग बोर्डच्या तळाची भोकं दाखवली. वर्षांपूर्वी कुठेतरी गाडीला खालून काळं रबरी कोटिंग मारून घेतलं होतं, त्यात ती भोकं बुजली होती. आतून पाणी साचून बोर्ड सडत होता आणि बाहेरून कोटिंग मस्त दिसत होतं. रबरी कोटिंग वाईटच असं मी म्हणणार नाही, पण ते सुकून चिरलं की चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते, आणि खाली काय चाललंय ते दिसतही नाही. गंजावर मारलं तर गंजाला पांघरूण घातल्यासारखंच.

पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्स. हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंग जळून गेलेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. लांब नळीला बारीक नोझल लावून रनिंग बोर्ड, दारं, चॅसीचे बॉक्स यांच्या आत वॅक्सचा फवारा मारायचा, डबा आधी गरम पाण्यात ठेवायचा म्हणजे ते पातळ होऊन जोडांच्या फटीत झिरपतं. तळाच्या भोकांतून वॅक्स टपकायला लागलं की समजायचं आत पोचलं, आणि नंतर ती भोकं परत मोकळी करायची. आत पाणी असताना मारायचं नाही, कोरड्या दिवसांतच.

कंपन्यांनीही हे सगळं हळूहळूच शिकलंय. १९८१ ची डेलोरियन ही गाडी बाहेरून सगळी स्टेनलेस स्टीलची, रंग नाही, गंज नाही, पण खालची फ्रेम साध्या लोखंडाची, इपॉक्सी चढवलेली, आणि कोटिंग तडकलं की तीच गंजते. ऑडीने १९८५ मधे १०० मॉडेलची अख्खी बॉडी झिंक चढवलेल्या पत्र्याची केली, झिंक आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आता बऱ्याच गाड्यांत असा पत्रा असतो, पण अपघातानंतर घासून वेल्डिंग केलं की त्या जागेचं झिंक जळून जातं, म्हणून नव्या गाड्यांतही दुरुस्ती झालेल्या जागीच पहिला गंज दिसतो. तिथे वॅक्स मागून घ्या, कोणी आपणहून मारत नाही.

काम होऊन आता पाच महिने झाले. कार्पेट परत बसवण्याआधी मी दोन मोठे पाऊस मुद्दाम जाऊ दिले, उघड्या फ्लोअरवर गाडी चालवली, आवाज खूप यायचा पण रोज संध्याकाळी पत्र्यावर हात फिरवून बघायचे. कोरडा. डांबराच्या पट्ट्या परत लावल्या नाहीत, पत्रा दिसायला हवा. पन्हळीतली पानं आता महिन्यातून एकदा काढते, दाराच्या भोकांत तार फिरवते. बाबा परवा गाडीत बसले तेव्हा आधी त्यांनी वास घेतला आणि मग मॅट उचलून खाली हात लावला.

डिकीत मात्र गेल्या आठवड्यात स्टेपनीच्या खड्ड्यात पेलाभर पाणी सापडलंय. उजव्या टेललॅम्पचं गॅस्केट असावं असा संशय आहे, पण यावेळी काहीही चिकटवलेलं नाही. पावडर टाकून ठेवलीय, रविवारी दादा टॉर्च घेऊन डिकीत बसणार आहे.